एक पूर्णांक आठ

“रंग मेलाय बहुतेक, काकू,” मायक्रोस्कोपवरून डोळा न उचलता संजीवनी म्हणाली. “एकसुद्धा पेशी उजळत नाही.”

मी नुकतीच आत येत होते. सोमवार होता. मंदिरात अभिषेकाची पाळी आमच्या घराकडे होती, म्हणून दीड तास उशिरा येईन असं मी सरांना शनिवारीच सांगून ठेवलं होतं. चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि तिच्याजवळ गेले. तिनं स्टूल सरकवून मला जागा करून दिली. मी भिंगातून पाहिलं. खाली नुसता काळोख. एरवी तिथं हिरव्या ठिपक्यांची रांगोळी घातल्यासारखं दिसायचं.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. सांगलीकडच्या एका डोळ्यांच्या इस्पितळामागं दोन खोल्यांची आमची प्रयोगशाळा होती. डॉ. केळुसकर सर तिचे प्रमुख, मी त्यांची मदतनीस, आणि संजीवनी लोहार त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. गुरुवारी तिची तोंडी परीक्षा होती. नागपूरहून परीक्षक मॅडम येणार होत्या. प्रबंधात नसलेला एखादा ताजा, स्वच्छ फोटो त्यांच्यापुढं ठेवावा म्हणून ती सकाळपासून कामाला लागली होती.

आमचं काम पारपटलावर चाले. बुबुळावर काचेसारखा पडदा असतो ना, तो. नेत्रदानात आलेले, पण रोग्याला बसवण्याजोगे नसलेले पडदे नेत्रपेढी आम्हाला द्यायची. त्यासाठी कुठला जीव मारावा लागत नव्हता, म्हणून तर मी ही नोकरी धरली होती. सर जे समजावून सांगायचे ते मला अजून पाठ आहे. प्रत्येक पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात. सहा तुकडे गोल उभे राहिले की एक अर्धं दार होतं. शेजारणीचं अर्धं दार समोर येऊन जुळलं की दोघींमध्ये सलग वाट तयार होते आणि हिच्यातलं तिच्यात जातं. पण ज्या अर्ध्या दाराला समोर जोडीदार मिळालेला नाही, ते बाहेरच्या पाण्याकडं तोंड करून असतं. ते उघडं राहिलं तर पेशी रिती होऊन मरेल, तेव्हा ते कायम बंदच असणार, असं पुष्कळजण धरून चालत. सरांचं म्हणणं वेगळं होतं. धडधाकट पडद्यातसुद्धा ही अर्धी दारं उघडतात, त्यांतून पेशी आसपासच्यांना निरोप धाडते, आणि पडदा नितळ राहतो तो त्या निरोपांच्या जोरावर. दार उघडं असेल तर आमचा हिरवा रंग आत शिरायचा आणि पेशी उजळायची. संजीवनीनं चार वर्षांत अशा हजारो पेशी मोजल्या होत्या. शंभरातल्या साठ उजळत.

आणि आज एकही नाही.

“रंगाची बाटली तर नवीन आहे,” मी म्हटलं. “बफर कुठलं घेतलंस?”

बफर म्हणजे क्षारांचं पाणी. पडदा त्यात तरंगत ठेवायचा. ते रोज मीच करायची.

“तुम्ही नव्हता, म्हणून मीच केलं की. वहीत लिहिलंय अगदी तसं.”

“उकळलंस?”

ती वळून माझ्याकडं बघायला लागली. “उकळायचं कशाला?”

आम्ही जैन. आमच्या घरात गाळून उकळल्याशिवाय पाणी ओठाला लावत नाहीत. गाळलेलं पाणी दोन घटकांपुरतं, उकळलेलं दिवसभराचं, दिवस उलटला की तेही चालत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला हा नियम दिला, आणि तो हातात इतका मुरला की प्रयोगशाळेतलं पाणीही मी तसंच करायची. क्षार घातले की बफर एक उकळी येईपर्यंत तापवायची, निवू द्यायची, तळाशी पांढरी भुकटी बसायची ती दुहेरी फिल्टर पेपरमधून गाळून टाकायची. क्षारांतली घाण निघाली, असं मला वाटे. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. मी ते वहीत लिहिलंही नव्हतं. आपण पाणी गाळून घेतो, हे कुणी कुठं लिहून ठेवत नाही.

सरांनीच कितीदा सांगितलं होतं की अर्ध्या दाराला बाहेरचं कॅल्शियम मिटवून ठेवतं. ते कमी पडलं की दारं आपोआप उघडतात. आणि उकळल्यावर खाली काय बसतं, हे तर माझ्या स्वयंपाकघरातलं पातेलं मला रोज दाखवत होतं. आतून त्याच कॅल्शियमनं पांढरं झालेलं.

मी संजीवनीला सांगितलं. दबक्या आवाजात सांगितलं, पण सगळं सांगितलं. तिनं विश्वास ठेवला नाही. मग आम्ही दोन बाटल्या भरल्या, एकीत तिनं केलेलं बफर, दुसरीत मी उकळून गाळलेलं, आणि इस्पितळाच्या रक्ततपासणीच्या खोलीत नेऊन दिल्या. तिथल्या मशीनवर कॅल्शियम मोजता येई. अर्ध्या तासात चिठ्ठी आली. तिच्या बफरमध्ये एक पूर्णांक आठ, जितकं हवं तितकं. माझ्यात शून्य पूर्णांक दोन.

परत आल्यावर तिनं प्रबंध उघडला आणि एकेक पान उलटत फोटो मोजायला लागली. अठ्ठेचाळीस होते. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. मी तिचा हात धरला तेव्हा थांबली.

“सरांना सांगणार?”

“सांगायला पाहिजे, बाळ.”

“सांगा की. पण शुक्रवारी सांगा.”

तिची मुदत त्या महिन्याअखेर संपत होती. विद्यापीठानं दोनदा वाढवून दिली होती, तिसऱ्यांदा देत नसत. आटपाडीला तिच्या वडिलांचा, अण्णांचा, लोहारकामाचा भाता होता. तापल्या लोखंडाची कपची उडून त्यांचा डावा डोळा गेला, तेव्हा ती सातवीत होती. पांढऱ्या पडलेल्या त्या डोळ्याकडं बघत बघतच ती शिकली. परीक्षेसाठी अण्णा बुधवारी येणार होते. पावण्यारावळ्यांना सांगून झालं होतं, गावातल्या शाळेनं फळ्यावर तिचं नावसुद्धा लिहून टाकलं होतं. हे सगळं ती मला एका दमात सांगत राहिली, जणू मला ठाऊकच नव्हतं.

मी म्हटलं, “दोन दिवस आहेत. बरोबर बफर घेऊन पुन्हा करून बघू. सरांचं म्हणणं खरं असेल तर दारं तरीही उघडतील.”

मला खरंच तशी आशा होती. आशा कसली, मी मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणत त्या पेशींची विनवणी करत होते. मंगळवारी नेत्रपेढीतून पडद्यांची एक जोडी मिळाली. सर परीक्षेच्या तयारीत होते. आम्ही काय करतोय असं त्यांनी एकदा विचारलं, संजीवनी म्हणाली, फोटो घेतोय. माझ्याकडं बघून सर हसले, म्हणाले, मगदूमबाई आहेत म्हटल्यावर मला काळजी नाही. अकरा वर्षांत त्यांनी माझं एकही माप दुसऱ्यांदा तपासलं नव्हतं.

दोन दिवस आम्ही त्या पडद्यांचे बारीक तुकडे करून एकेक बघितला. दारं बंद. प्रत्येक तुकड्यात बंद. फक्त जिथं पातं लागून काप गेला होता, तिथं कडेला दोरा ओढावा तशी उजळलेल्या पेशींची एक ओळ दिसली. काप दिल्या दिल्या रंग घातला तरच दिसायची. पाव तास थांबून रंग घातला तर तीही दिसत नव्हती. उघडलेली दारं तोवर मिटलेली असायची.

मी म्हटलं, “हे काहीतरी आहे, संजीवनी. उघडतात, पण थोडी, आणि लगेच मिटतात.”

“शंभरात साठ लिहिलंय मी, काकू. ओळ नव्हे.”

बुधवारी दुपारी तिनं ते सगळे तुकडे कचऱ्याच्या पिशवीत भरले, पिशवीचं तोंड बांधलं आणि माझ्याकडं पाठ करून विचारलं, “उद्या चतुर्दशी ना?”

“हो.”

“तुमचं मौन असतं.”

“सूर्य मावळेपर्यंत.”

“मग तेवढं पाळा. मी दुसरं काही मागत नाही तुमच्याकडं.”

अष्टमीला आणि चतुर्दशीला मी बोलत नसे, हे इस्पितळात सगळ्यांना माहीत होतं. कामाला यायची, काही लागलं तर चिठ्ठीवर लिहायची. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत कुणी त्या दिवशी मला काही विचारत नसे. संजीवनीनं मागितलं ते इतकं साधं होतं. रोजचं व्रत रोजच्यासारखं करायचं, बस्स.

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. दिवस मावळायच्या आत जेवायचा नियम, आणि मी ताट पुढं घेऊन तो मावळलेला बघितला. सरांना सांगितलं तर ती पोरगी संपली. नाही सांगितलं तर सर आयुष्यभर एका खोट्या गोष्टीमागं धावणार, आणि ते खोटं माझ्या हातचं. ती बिचारी तर नुसती मोजत होती. गुरुवारी सकाळी देवापुढं उभं राहून मौन घेतलं, तेव्हा पहिल्यांदाच मला हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

परीक्षा अकरा वाजता सुरू झाली. इस्पितळाच्या छोट्या सभागृहात वीसेक माणसं होती. बाहेर व्हरांड्यात बाकावर अण्णा बसले होते, पांढरा सदरा, मांडीवर पेढ्यांचा डबा, त्याला सुतळी बांधलेली. आत चला म्हणून मी हातानं खुणावलं तर म्हणाले, मला त्यातलं काय कळणार, मी इथंच बरा.

संजीवनी छान बोलली. आवाज कापला नाही, एकही पान चुकलं नाही. परीक्षक डॉ. खानखोजे मॅडम साठीच्या होत्या. बारीक, ताठ, चष्मा नाकावर उतरलेला. सगळं शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, “पोरी, शंभरातली साठ दारं उघडी असतील, तर हा पडदा तासभर तरी जगतो का गं?”

संजीवनीनं पाठ केलेलं उत्तर दिलं. मॅडमनी मान हलवली. “बफरमध्ये कॅल्शियम किती होतं?”

“एक पूर्णांक आठ, मॅडम.”

“ते लिहिलेलं मला दिसतंय. मोजलं होतं का?”

सर उठून उभे राहिले. म्हणाले की बफर आमच्या मगदूमबाई करतात, त्या मागं बसल्यात, आणि त्यांच्या मापाबद्दल शंका घ्यायची तर मला आधी स्वतःबद्दल घ्यावी लागेल. मग थोडं हसून त्यांनी सांगितलं की आज मात्र बाईंचं मौन आहे, बोलता येणार नाही. लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं. सुटले असं वाटलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वहीतला एक कागद फाडला, स्वतः चालत माझ्यापर्यंत आल्या, आणि कागद-पेन माझ्यापुढं ठेवलं. “माझी आई पण मौन करायची,” त्या म्हणाल्या. “लिहायला हरकत नसते. लिहा, किती होतं.”

मी वर पाहिलं. संजीवनी फळ्याजवळ उभी होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सांगितलं नाही. ती फक्त माझ्या हातातल्या पेनाकडं बघत होती. उघड्या दारातून अण्णांची पाठ दिसत होती.

जन्मात मी जाणूनबुजून खोटं बोलले नव्हते. मोठेपणा सांगत नाही. मला ते सोपं गेलं होतं इतकंच, कारण कुणी माझ्याकडून कधी मोठं सत्य मागितलंच नव्हतं. मनात आलं, मी वजन करून घातलं तेव्हा एक पूर्णांक आठच होतं. घातलं तेव्हाचं लिहावं. आकडे स्वच्छ आले. १.८. खाली मी सही केली, त्रिशला मगदूम.

मॅडमनी कागद उचलला, वाचला, घडी घातली. “ठीक आहे,” म्हणाल्या आणि वळल्या.

“मॅडम, ते खरं नाही.”

संजीवनीच बोलत होती. तिचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. भीती नव्हती त्यावर, रागही नव्हता. कुणीतरी आपल्यासाठी विहिरीत उडी घेतलेली बघावी, तसा तो होता. ती म्हणाली की कॅल्शियम शून्य पूर्णांक दोन होतं, सोमवारी आम्ही मोजलं. उकळताना खाली बसत होतं, आम्हाला चार वर्षं कळलं नाही. आणि बरोबर बफरमध्ये दारं उघडत नाहीत, फक्त कापाच्या कडेला थोडी उघडतात आणि पाव तासात मिटतात. “त्याचा फोटो नाही माझ्याकडं,” ती म्हणाली. “मी टाकून दिलं.”

पुढचं फार वेळ चाललं नाही. मॅडम कठोर बोलल्या नाहीत. त्यांनी प्रबंध मिटला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की हा मी मान्य करू शकत नाही, पण शेवटचं जे सांगितलंस त्यावर काम कर, तेच खरं आहे. करायला मुदत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

माणसं उठून गेली. सर माझ्याजवळ आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले.

“कधीपासून उकळत होता, बाई?”

दुपारचा एक वाजला होता. मी तोंडानं सांगितलं, “पहिल्या दिवसापासून.”

सर चष्मा काढून रुमालानं पुसत राहिले, तो स्वच्छ होता तरी. “मी एकदा तरी मोजायला हवं होतं,” एवढंच म्हणाले.

बाहेर अण्णा उभे राहिले होते. झालं का, असं त्यांनी विचारलं. नाही झालं, असं ती म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं, डब्याची अर्धवट सोडलेली सुतळी पुन्हा बांधली, आणि तिच्या खांद्यावरची जड पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

मुदतीसाठी सर विद्यापीठात दोनदा जाऊन आले. उपयोग झाला नाही. शनिवारी संजीवनी आपली पुस्तकं न्यायला आली, तेव्हा मी तिला पायऱ्यांवर गाठलं. गुरुवारपासून एकच गोष्ट माझ्या मनात घोळत होती. मी विचारलं, “मी लिहून दिलं होतं ना गं. सगळं निभावलं होतं. मग का बोललीस?”

तिनं पुस्तकांच्या गठ्ठ्याची गाठ आवळली.

“खरं सांगू, काकू? तुम्ही खरं लिहाल असंच मी धरून चालले होते. उत्तर तयार होतं माझ्याकडं. या बाईंना सोवळ्याचं वेड आहे, सगळीकडं उकळत बसतात, माझ्यासाठी एखाद्या दिवशी केलं असेल, बाकी चार वर्षं माझं बफर मी स्वतः केलंय, असं सांगणार होते. तुम्हाला खोटं पाडायचं ठरवून आले होते मी.” तिनं वर बघितलं. “आणि तुम्ही एक पूर्णांक आठ लिहिलंत. मग मला काही करताच येईना.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती गठ्ठा उचलून फाटकाबाहेर गेली.

ती आटपाडीच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागली, अजून शिकवते. या कामावर आधी छापून आलेला लेख सरांनी मागं घेतला आणि कापाच्या कडेच्या त्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. तीन वर्षं लागली. निरोगी पडद्यात अर्धी दारं मिटलेलीच असतात, इजा झाली की कडेच्या थोड्या पेशी ती क्षणभर उघडून शेजाऱ्यांना कळवतात आणि पुन्हा मिटतात, एवढंच त्यात निघालं. त्या लेखावर पहिलं नाव सरांनी संजीवनीचं घातलं. पदवी तिला मिळाली नाही ती नाहीच.

दरवर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची. मी संजीवनीला पत्र लिहिते. पाणी उकळलं त्याची क्षमा मागते, तुझी चार वर्षं गेली त्याची मागते. मग त्या कागदावर खोटं लिहिलं त्याची मागायला घेते आणि पुढं सरकत नाही. मागावी तर त्या दिवशी मी खरं लिहायला हवं होतं असं म्हणावं लागतं. लिहिलं असतं, तर ती माझ्यावर खोटा आळ घालून पदवी घेऊन गेली असती आणि जन्मभर ते ओझं वाहत राहिली असती. आणि न मागावी, तर खोट्याला मी चांगलं ठरवलं. एकवीस वर्षांत मला हे उलगडलेलं नाही. ते वाक्य अर्धं सोडून पत्र तसंच पाठवून देते.

तिचं उत्तर आठवड्यात येतं. कॉलेजच्या, मुलांच्या, अण्णांच्या चार गोष्टी असतात, आणि शेवटी दरवर्षी तीच एक ओळ असते: काकू, याही वर्षी तेवढं राहिलंच बघा.